गुंड्या काचेवर आपटला: एका कॉकटीलच्या बरं होण्याचं प्रकरण

रुग्ण कॉकटील, म्हणजे तुरा असलेल्या छोट्या पोपटाच्या जातीचा नर. वय साधारण चार वर्षं, नाव गुंड्या. आधीच्या तपासणीत नोंदलेलं वजन ९२ ग्रॅम. तक्रार अशी की दुपारी घरात उडताना बाल्कनीच्या सरकत्या काचेवर आपटला, फरशीवर पडला, डावा पंख थोडा लोंबतोय आणि पिसांतून रक्त येतंय.

केसपेपरवर एवढंच मावतं. सविस्तर लिहायचं कारण असं की यात हाड मोडलं, ते जुळलंही, आणि तरी पक्षी बरा झाला असं म्हणायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. अशा अपघातात घरच्यांचं, आणि बऱ्याचदा डॉक्टरांचंही, लक्ष पंखावर खिळतं. गुंड्याच्या बाबतीत पंखाचं काम त्यातल्या त्यात सोपं निघालं. त्याच्या भोवतालची जागा कशी लावायची, हे ठरवण्यात खरा वेळ गेला.

अपघाताच्या आधी

गुंड्या या घरात आला तेव्हा त्याचे दोन्ही पंख कातरलेले होते. आधीच्या मालकांनी कातरले होते. त्यामुळे घरच्यांनी मनाशी धरलं होतं की हा काही उडत नाही. पिंजऱ्याचं दार उघडं असायचं, तो छपरावर बसायचा, हातावर यायचा, खांद्यावरून घरभर फिरायचा.

कातरलेलं पीस वाढत नाही. नखासारखं ते पुन्हा पुढे सरकत नाही, ते मुळातून गळून पडावं लागतं आणि त्या जागी नवं यावं लागतं. ही पिसं झडण्याची प्रक्रिया हळूहळू चालते. एकेक पीस बदलत जातं आणि रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. गुंड्याची लांब पिसं अशीच एकेक करून परत येत होती. त्याने त्याची सूचनाही दिली होती. अपघाताच्या आधी काही दिवस तो पिंजऱ्याच्या छपरावर पंजे घट्ट रोवून जोरजोरात पंख झोडपायचा. घरच्यांना ते लाड वाटले, धाकट्या मुलीने त्याचा व्हिडिओही काढला होता. तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. शरीर वर उचललं जातंय आणि पंजे सोडत नाहीयेत, हे त्यात स्पष्ट दिसतं. पंखांत जोर आला आहे की नाही, हे पक्षी असंच तपासून पाहतो.

नवीन येणाऱ्या पिसाची आणखी एक अडचण असते. वाढत असताना त्याच्या नळीत रक्त खेळत असतं. बुडाशी निळसर काळी झाक दिसते. एरवी शेजारची पूर्ण वाढलेली पिसं त्याला आडोसा देतात. शेजारची कातरलेली असली तर कोवळं पीस एकटंच बाहेर डोकावतं, आणि जरा धक्का लागला की मोडतं. गुंड्याचं रक्त आलं ते जखमेतून नव्हतं, अशाच एका पिसातून होतं.

मग त्या दुपारी स्वयंपाकघरात मोठं पातेलं फरशीवर पडलं. कॉकटील हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, मोकळ्या भागातला पक्षी, काकाकुव्याच्या कुळातला. थव्याने जमिनीवर उतरून दाणे टिपायचे आणि एकाने झेप घेतली की बाकीच्यांनी विचार न करता उडायचं, ही त्याची मूळ सवय. घाबरला की तो आधी उडतो आणि कुठे जायचं ते हवेत ठरवतो. गुंड्या उजेडाच्या दिशेने गेला. उजेड काचेतून येत होता.

पहिला तास

फोन गुंड्याच्या घरच्या ताईंचा होता. "डॉक्टर, गुंड्या काचेवर आपटलाय. डोळे मिटतोय सारखे. साखरपाणी घातलं चोचीत तर चालेल ना?"

"ताई, काही घालू नका. आधी सांगा, तो उभा आहे का? चोच उघडी ठेवून श्वास घेतोय का? शेपटी श्वासाबरोबर खालीवर होतेय का? आणि रक्त अजून टपकतंय की थांबलंय?"

या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. उभा होता, चोच बंद होती, शेपटी किंचित हलत होती, रक्त थेंबथेंब येत होतं. म्हणजे घाई करायची होती, पण ती गोंधळ न घालता.

पाणी का नको, तर पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी, उघड्यावर असतं. शुद्धीत असलेला पक्षी गिळताना ते बंद करतो. डोक्याला मार लागून गुंगीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत थेंब टाकले तर ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतात. मार पचवलेला पक्षी मग पाण्याने जातो. असे पक्षी माझ्याकडे आलेले आहेत, म्हणून फोनवर सगळ्यात आधी हेच सांगतो.

रक्ताचं गणितही घरच्यांना माहीत असलेलं बरं. पक्ष्याच्या अंगात साधारण वजनाच्या दहा टक्के रक्त असतं. गुंड्याच्या अंगात म्हणजे ९ मिलीच्या आसपास. चहाच्या एका चमच्यात ५ मिली मावतं. फरशीवर दिसणारे पाच-सहा थेंब घाबरवतात खरे, पण तेवढ्याने धोका होत नाही. १ मिलीच्या पुढे गेलं की मात्र काळजी सुरू होते. ताईंनी मोडलेल्या पिसाच्या टोकाला चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून दोन बोटांनी दोनेक मिनिटं दाबून धरलं. रक्त थांबलं. आजोबा मलम घेऊन आले होते, त्यांना थांबवलं. मलम किंवा तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात, अंगाची ऊब राखण्याचं त्यांचं काम बंद पडतं, आणि पक्षी ते चोचीने साफ करता करता पोटात घेतो.

धरण्याबद्दल एक गोष्ट फोनवरच दोनदा सांगितली. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. प्रेमाने का होईना, मुठीत छाती दाबून धरली की त्याचा श्वास बंद. अंगाभोवती मऊ कापड सैल गुंडाळायचं, मान आणि डोकं बोटांनी सांभाळायचं, छाती मोकळी.

मग खोका. बुटांचा असतो तेवढा, तळाशी टॉवेल, बाजूला भोकं, आत दांडी नाही, वाटी नाही, झाकण लावून काळोख. आणि झाकण उघडून "बाळा, कसा आहेस" असं दर मिनिटाला विचारायचं नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण हात लावला नाही तर आपण काहीच करत नाही असं वाटतं. पण काळोख आणि शांतता मिळाली की हृदयाचे ठोके खाली येतात, आणि मार बसलेल्या पक्ष्याला त्या तासात याहून मोठं औषध घरात नसतं.

उबेचं काय, हाही प्रश्न आला. आजारी पक्ष्याला ऊब द्या, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि बहुतेक आजारांत ते बरोबरच आहे. डोक्याला मार लागला असल्याची शंका असेल तेव्हा मात्र दिवा किंवा गरम पाण्याची पिशवी लावत नाहीत. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि मेंदूभोवतीची सूज वाढू शकते. गुंड्याला खोलीच्या नेहमीच्या तापमानातच आणायला सांगितलं.

टेबलावर

आल्या आल्या त्याला बाहेर काढलं नाही. खोका तसाच ठेवून झाकणाच्या फटीतून पाहिलं. डावा पंख उजव्यापेक्षा बोटभर खाली. पिसं फुगलेली. तुरा सपाटही नाही आणि ताठही नाही, नुसता मागे पडलेला. कॉकटीलचा तुरा बघितला की अर्धी तपासणी होते: ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटलेला म्हणजे भीती किंवा राग, आणि असा ढिला पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, म्हणजे दुखतंय नाहीतर गुंगी आहे. पक्षी आजार लपवतो. जंगलात दुबळा दिसला तो आधी पकडला जातो. त्यामुळे खोका उघडल्यावर, माणूस दिसल्यावर तो सावरून बसला, तर ते सोंग असतं. फटीतून दिसलेला गुंड्या खरा होता.

थोडा वेळ ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून मग हातात घेतलं. गालावर जो केशरी ठिपका असतो त्याच्याखाली कान झाकलेला असतो. तिथली पिसं हलकेच फुंकर मारून बाजूला केली आणि आत पाहिलं, रक्त नाही. नाकपुड्यांत रक्त नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त नाही. बाहुल्यांवर पक्ष्यांमध्ये फार विसंबता येत नाही, कारण त्यांच्या बुबुळातला स्नायू त्यांच्या इच्छेने चालतो आणि घाबरलेला पक्षी उजेड बदललेला नसतानाही बाहुली लहान-मोठी करतो. चोचीचं टोक किंचित झिजलेलं. छातीच्या मधल्या हाडाची धार अखंड. पंजांची पकड दोन्हीकडे सारखी. मोडलेलं पीस रक्त थांबलेलं असल्यामुळे तसंच ठेवलं. ते उपटायला हवं असा आग्रह काही जण धरतात, पण न वाहणाऱ्या पिसासाठी त्या दिवशी आणखी एक वेदना देण्यात अर्थ नव्हता.

वेदनाशामक सुरू केलं. पक्ष्यांत मेलॉक्सिकॅम बऱ्यापैकी वापरलं जातं, पण त्याचं प्रमाण पक्ष्याच्या ग्रॅमवर ठरतं, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. घरातली माणसांची वेदनाशामकं, गोळीचा चतकोर तुकडा करूनही, द्यायची नाहीत. स्टेरॉइडही दिलं नाही. पूर्वी डोक्याच्या मारावर ते सर्रास देत असत. पक्ष्यांत त्याने प्रतिकारशक्ती खाली येते आणि बुरशीचा संसर्ग मागे लागतो.

एक्स-रे दुसऱ्या दिवशी, भुलीखाली काढला. पहिल्या दिवशी काढला असता तर निदान एक दिवस आधी झालं असतं, पण तेवढी हाताळणी त्याने सोसली असती याची खात्री नव्हती. डाव्या बाजूचं कोरॅकॉइड मोडलं होतं. हे हाड खांद्यापासून छातीच्या हाडापर्यंत तिरकं जातं आणि पंख खाली ओढणाऱ्या दांडग्या स्नायूंसमोर खांद्याला टेकू देतं. समोरून वेगाने आपटलेल्या पक्ष्यांमध्ये ते बरेचदा मोडतं. असा पक्षी पंख उघडतो, मिटतो, कधी पंख पडलेलाही दिसत नाही, फक्त हवेत उचल घेता येत नाही. घरी बसून "पंख हलवतोय म्हणजे ठीक आहे" म्हटलं की हेच निसटतं.

शस्त्रक्रिया करायची का? आजोबांचा कल तिकडे होता. "सळई घालून पक्कं करून टाका, डॉक्टर." पण हे हाड हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी, तेही नव्वद ग्रॅमच्या पक्ष्यात. टोकं फार सरकलेली नव्हती, आणि असं कोरॅकॉइड बंदिस्त विश्रांतीवर चांगलं जुळतं. विश्रांती ठरली.

पट्टी की वजन

पंख अंगाला लावून हलकी चिकटपट्टी बांधली. स्वतःलाच चिकटणारी, पिसांना न चिकटणारी पट्टी येते ती. बांधताना छातीवर किती सैल आणि किती घट्ट, याचा अंदाज हाताला असावा लागतो. शेपटी श्वासाबरोबर हलायला लागली की घट्ट झाली.

गुंड्याने ती पट्टी मनावर घेतली. एका बाजूचा पंख बांधला की तोल जातो, कॉकटील डावीकडे कलंडायचा, पुन्हा उठायचा आणि मग सगळा वेळ पट्टी कुरतडण्यात घालवायचा. खाणं मागे पडलं. रोज सकाळी, रात्रभराची मोठी शीट टाकून झाल्यावर आणि दाणे खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करायला सांगितलं होतं. पक्षी आत काय लपवतोय ते काटा सांगतो. ९० वरून ८८, मग ८४. मूळच्या ९२ शी ताडून पाहिलं तर घट दहा टक्क्यांच्या जवळ पोचली होती, आणि दहा टक्के ही माझ्या लेखी लाल रेघ आहे. शीटही बदलली: हिरवा भाग आखडला, गडद झाला, म्हणजे पोटात काही जात नव्हतं.

इथे निवड करावी लागली. पट्टी ठेवली तर हाड जरा नीट जुळण्याची शक्यता, पक्षी मात्र खंगत जाणार. पट्टी काढली. त्याऐवजी जागाच अशी लावली की पंख पसरायचं कारणच पडू नये. कमी उंचीचा, बसका खोका, वरून जाळी. तीन बाजूंना कापड, चौथी बाजू घरच्यांकडे तोंड करून, म्हणजे माणसं दिसतील, आवाज ऐकू येईल, पण मागून कोणी अचानक येणार नाही. खाली टॉवेल, त्यावर साधा कागद, शीट रोज मोजता यावी म्हणून. वाट्या जमिनीलगत, उथळ. दांडी नाही, खेळणी नाहीत, आरसा तर मुळीच नाही.

पट्टी निघाल्याच्या दिवशीच त्याने राळ्याचं अर्धं कणीस फस्त केलं. त्याला बियांची सवय होती. पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, आणायला हवं हे मलाही पटत होतं, पण दुखणाईत पक्ष्याचा आहार बदलू नये. नवं खाणं त्याला अन्न वाटतच नाही, आणि उपाशी राहायची ऐपत त्याच्यात नसते. कटलबोन, म्हणजे समुद्रफेस, खोक्यात ठेवला. ताई त्याला कॅल्शियमसाठी काचेजवळच्या उन्हात ठेवायचं म्हणत होत्या. काच ऊन आत येऊ देते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडवते. तेव्हा त्या उन्हाचा उपयोग फक्त उबेपुरता. शिवाय त्या काचेजवळ इतक्यात जायचंच नव्हतं.

रात्रीचा एक प्रसंग या काळात झाला, तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कॉकटील रात्री काळोखात दचकतात. बाहेर गाडीचा दिवा भिंतीवर सरकला, काही वाजलं, की आंधळ्यासारखे फडफडत सुटतात. हाड जुळत असताना अशी एक रात्र सगळं मोडायला पुरेशी होती. बसक्या खोक्यामुळे गुंड्याला पंख पूर्ण उघडताच आले नाहीत, म्हणून निभावलं. त्यानंतर खोलीत मंद दिवा रात्रभर चालू ठेवला, पडदे ओढले. त्याच आठवड्यात मुलीने सांगितलं की झोपायच्या आधी तो चोच करकर वाजवतो. चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासण्याचा तो आवाज. निवांत असलेला पोपट झोपताना तो करतो. एक्स-रेपेक्षा त्या बातमीने मला जास्त बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक्स-रेमध्ये हाडाची गाठ धरलेली दिसली. वजन ९१. मोकळीक द्यायला हरकत नव्हती.

पण तो बाहेर येईना

पिंजऱ्याचं दार उघडलं तर गुंड्या आतल्या कोपऱ्यात सरकायचा. हातावर घेऊन बाल्कनीच्या खोलीत नेलं की तुरा ताठ, मान लांब, पंजे बोटात रुतवलेले. पूर्वी कधी न चावणारा पक्षी चावायला लागला. आजोबांनी मग मनातलं बोलून दाखवलं. "आता हा तसाही घाबरतोय. पंख पुन्हा कातरून टाका. पुन्हा आपटायची भानगडच नको."

हा विचार चुकीच्या जागेवरून आलेला नाही, काळजीतूनच आलाय. काही घरं अशी असतात की दारं सतत उघडी, चुली पेटलेल्या, लहान मुलं धावती, तिथे काही काळापुरतं, दोन्ही बाजूंनी सारखं आणि थोडंच कातरणं यावर मी वाद घालत नाही. पण गुंड्याला अपघात झाला त्याच्या मुळाशी कातरणंच होतं. जोर परत आला आणि वळायला, वेग कमी करायला, उतरायला शिकण्याची संधी कधी मिळाली नव्हती. पुन्हा कातरलं की तो पुन्हा धपकन पडणार, छातीच्या हाडावर पडणार, कोवळी पिसं पुन्हा मोडणार, उडायचे स्नायू वाळणार. आणि पुढच्या झडणीनंतर पुन्हा याच दुपारपाशी येऊन पोचणार. आजोबांना हे शेवटचं पटलं. बाकीचं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

दुसरा सल्ला शेजारून आला होता: पलंगावर हलकेच उडवून द्या, सवय होईल. हे करू नये. हवेत सोडलेला पक्षी उडतो ते भीतीने, आणि शिकतो तेही एवढंच की माणसाच्या हातावर बसलं की हात फेकून देतो.

सुरुवात काडीपासून केली, आणि काम मुलीकडे दिलं, कारण घरात सगळ्यात जास्त धीर तिच्यापाशी होता. एक लांब काडी. पिंजऱ्याच्या जाळीतून तिचं टोक दाखवायचं. गुंड्याने कुतूहलाने चोच लावली की लगेच राळ्याचे दोन-चार दाणे. नाही लावली तर काडी बाजूला, बोलायचं नाही, रागवायचं नाही. राळं बाकी दिवसभराच्या खाण्यातून काढून फक्त याच वेळेसाठी राखून ठेवलं, पोट मात्र बाकीच्या दाण्यांनी भरलेलं. उपाशी ठेवून शिकवायचं नाही, आताच बऱ्या झालेल्या पक्ष्याला तर नाहीच. काडीच्या मागे तो चालायला लागला, मग दारापर्यंत आला, मग उंबऱ्यावर एक पंजा. तिथे बरेच दिवस अडला. मुलगी वैतागून म्हणाली, "डॉक्टरकाका, तो एक पाय बाहेर ठेवतो आणि परत आत जातो." मी म्हटलं, परत जाऊ दे, परत जाता येतं हे कळलं की दुसरा पाय बाहेर येईल. आला.

यापुढे दोन खुर्च्यांच्या पाठी समोरासमोर ठेवल्या, काचेपासून लांब, आतल्या खोलीत. पाठींवर घसरू नये म्हणून टॉवेल गुंडाळला. आधी अंतर एका पावलाचं, मग उडीचं, मग असं की उडीबरोबर एकदा तरी पंख उघडावेच लागतील. तो एक पंखझटका पहिल्यांदा झाला तेव्हा गुंड्या स्वतःच इतका दचकला की दाणे घ्यायचेच विसरला.

अंतर वाढवताना उंचीचं भान ठेवावं लागतं. सपाट आणि किंचित वर जाणारी झेप नवशिक्याला सोपी, कारण वर चढताना वेग आपोआप कमी होतो आणि उतरणं जमतं. वरून खाली येणं सगळ्यात अवघड. पक्ष्याला उंची घालवायची असते आणि वेगही कमी करायचा असतो, दोन्ही एकाच वेळी. ते न जमल्यानेच घरातले पोपट कपाटावर जाऊन बसतात आणि तिथून ओरडत राहतात. लोकांना तो हट्ट वाटतो. गुंड्याला खाली यायला शेवटी शिकवलं, खुर्चीच्या पाठीवरून बैठकीवर, मग पलंगावर. प्रत्येक वेळी थोडकंच, चोच उघडी ठेवून धापा टाकायच्या आत थांबायचं. पंख अंगापासून सुटे धरून बसला तर त्या दिवसापुरतं संपलं. इतके आठवडे बसून राहिलेल्या छातीच्या स्नायूंना जोर यायला हाड जुळण्याहून जास्त वेळ लागतो.

काच

पक्ष्याला काच दिसत नाही. त्यापलीकडचं आकाश दिसतं, झाड दिसतं. पडदा हा सगळ्यात सोपा उपाय. तो ओढलेला असेल तेव्हाच गुंड्या बाहेर, असा नियम सुरुवातीला होता. पण नियम घरात टिकत नाहीत, म्हणून काचेवर उभे कागदी पट्टे चिकटवले, दोन पट्ट्यांमध्ये जेमतेम चार बोटं अंतर. मधोमध एखादा शोभेचा स्टिकर लावला तर पक्षी त्याला चुकवून शेजारी आपटतो, तेव्हा पट्टे काचभर हवेत.

त्याबरोबर काचेची ओळख करून दिली. आधी खोलीच्या दारात बसून फक्त दाणे खायचे. तुरा खाली आला की एक पाऊल पुढे. असं करत तो मुलीच्या हातावर बसून काचेपर्यंत आला, तिने काचेवर नखाने टकटक केलं, त्याने चोच लावून पाहिली. मग हीच ओळख सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर वेगवेगळी करून दिली, कारण उजेड बदलला की तीच काच कधी मोकळी वाट दिसते आणि कधी आरसा. आरसे झाकले. गुंड्या बाहेर असताना पंखा लागू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी मारली, आणि ही एक गोष्ट आजोबांनी स्वतः सुचवली होती.

आता तो आतल्या खोलीतून बाल्कनीच्या खोलीत उडत येतो, वळतो, ताईंच्या खांद्यावर उतरतो. बारकाईने पाहिलं तर डावा पंख मिटताना उजव्याच्या अर्धा क्षण मागे राहतो, आणि तो बहुधा तसाच राहील. मोडलेलं पीस पुढच्या झडणीत पडेल. तेव्हा नवं कोवळं पीस येत असताना पुन्हा जपावं लागेल, आणि तपासणीही त्याच सुमारास ठेवली आहे.

परवा आजोबांचा फोन आला. गुंड्याला आता काच कळते, चोच लावून परत फिरतो, तर ते पट्टे काढले तर चालतील का, बाहेरचं काही दिसत नाही. काढू नका म्हटलं. शांत असताना कळलेली काच पातेलं पडल्यावर आठवेलच असं नाही. त्यांनी पट्टे जरा बारीक केले तर चालतील का, असं विचारलं. बारीक चालतील, अंतर वाढवायचं नाही, असं ठरलं.